दाजींचा भाता

त्या काळी नाशकात आमच्या दाजींच्या गाडीइतकी ताकदवान खासगी गाडी दुसरी नव्हती, आणि त्यांच्याइतका हळू गाडी हाकणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. अपघातात सापडलेल्या गाड्यांची विमा कंपनीसाठी पाहणी करणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. कसाऱ्याच्या घाटात ट्रक उलटला किंवा चांदवडजवळ टॅक्सी झाडावर आदळली की दाजी खिशात टेप आणि डोक्यावर हॅट घालून तिथे हजर. "गाडी कशी पळते ते सगळे बघतात. का थांबली नाही, ते बघायला मला बोलावतात," असं म्हणायचे. आठवडाभर असले चेंदामेंदा झालेले सांगाडे पाहिल्यावर दुसऱ्या कुणी रविवारी सायकलचंसुद्धा तोंड बघितलं नसतं. दाजी मात्र सकाळचा चहा घेऊन जे आपल्या जुन्या अँबेसिडरच्या बॉनेटमध्ये शिरायचे, ते दिवेलागणीलाच बाहेर यायचे.

गाडीला जास्त ताकद हवी हा ध्यास त्यांना एका प्रसंगाने लागला. घाटात एका ट्रकला ओलांडताना समोरून दुसरा ट्रक आला आणि ऐन वेळी यांच्या गाडीने दम टाकला. थोडक्यात वाचले. त्यावर दुसरा कुणी म्हणाला असता, यापुढे ट्रकला ओलांडणार नाही. दाजी म्हणाले, "ताकद पळायला नकोच आहे. निसटायला हवी आहे." आणि एक दिवस भद्रकालीच्या भंगारवाल्याकडून गोणपाटात गुंडाळून एक धूड घेऊन आले. कुठल्याशा जुन्या विमानात प्रवाशांच्या खोलीत हवा भरायचा तो पंप होता. अक्काने विचारलं, "ही काय, पाण्याची मोटर?"

"भाता आहे. लोहाराचा भाता निखाऱ्याला हवा देतो, हा इंजिनाला देणार. हवा जास्त कोंबली की पेट्रोल जास्त घेता येतं, आणि मग ताकदही जास्त."

"आणि कोंबून कोंबून फुटलं म्हणजे?"

"फुटणार नाही."

"फुटलं तर पुन्हा त्या इंजिनाला हात लावायचा नाही. द्या शब्द."

दाजींनी विचार करायला एक रात्र मागून घेतली आणि सकाळी शब्द दिला. दिलेला शब्द हा माणूस मोडणार नाही, हे अक्काला माहीत होतं. इंजिनाशिवाय हा माणूस कसा जगेल, हे मात्र तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

त्यानंतर तो भाता अक्काच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कितीतरी महिने पलंगाखाली पडून होता, कारण दाजींनी पहिलं काम ब्रेकचं काढलं. ब्रेक झाल्यावर स्टिअरिंग, स्टिअरिंग झाल्यावर टायर. शेजारचे निवृत्त हेडमास्तर रोज फाटकातून विचारायचे, "काय हो, विमान कधी उडणार?" दाजी गाडीखालून उत्तर द्यायचे, "आधी उतरायचं शिकतोय, सर!" मग रेडिएटर मोठा केला. सिलिंडरच्या डोक्याखाली जाड पॅकिंग घातलं, म्हणजे आत आधीचा दाब जरा कमी होईल आणि भात्याच्या दाबाला जागा राहील. ठिणगी किंचित उशिरा पडेल अशी व्यवस्था केली. आणि एवढं सगळं केल्यावर भात्याला पुली बसवली ती अशी, की त्याने जेमतेम पाच पौंड दाब द्यावा. अंबडच्या एका वर्कशॉपवाल्याने सांगितलं, "साहेब, पुली बदला, आरामात दहा देईल." दाजी म्हणाले, "देईल हो. पण घेणाऱ्याला विचारलं का?"

खाण्यातही त्यांचं हेच. मिसळ खायला गेलो की आधी नुसती मटकी, मग चमचाभर रस्सा, मग थांबून पोटाचा अंदाज, मग तर्रीचा एक थेंब. तोवर माझी दुसरी प्लेट संपलेली असायची. अक्काच्या स्वयंपाकघरातलं लाटणं मात्र त्यांनी कायमचं पळवलं होतं. त्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ते आतली टकटक ऐकायचे. ठिणगीआधीच पेट्रोल पेटलं की इंजिन आतून ठोकतं, आणि ठोकणारं इंजिन फार दिवस टिकत नाही, असं त्यांचं सांगणं. अक्का म्हणायची, "माझ्या पोळ्यांना ग्रीसचा वास येतो." हे म्हणायचे, "वास येऊ दे, टकटक येत नाही ना?"

भाता बसल्यावर चढ लागला की गाडीत कुणी बोलायचं नाही असा नियम झाला, कारण बोलण्यात टकटक ऐकू आली नसती. एकदा निफाडची आमची आत्या बरोबर होती. निफाडची बाई, गप्प बसणं तिला माहीतच नव्हतं. दाजींनी दोनदा ओठांवर बोट ठेवल्यावर ती म्हणाली, "काय रं बाबा, लग्नाला चाललोय का मयताला?" आणि एवढं सगळं करून वेग किती, तर एसटीची लाल गाडी मागून येऊन बाजूने निघून जायची. एका कंडक्टरने तर खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काका, धक्का देऊ का?" दाजींनी हसून हात हलवला. निसटायची वेळ दोनतीनदाच आली असेल. तेव्हा मात्र पाय दाबला की ती म्हातारी गाडी अशी झेपावायची की पाठ सीटला चिकटायची. ट्रक मागे पडला की दाजी पुन्हा आपल्या बैलगाडीच्या चालीवर.

आता ती शिट्टी. भात्याकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर दाजींनी एक झडप बसवली होती, वर स्प्रिंग. मला त्यांनी समजावून सांगितलं होतं, "इंजिनाला कधी ना कधी ठसका लागतोच. मग आतली ज्वाळा उलटी नळीत येते. नळीत पेट्रोलची वाफ भरलेली. त्या ज्वाळेला बाहेर पडायला दार पाहिजे. हे दार." दार सहज उघडावं म्हणून स्प्रिंग त्यांनी मुद्दाम नरम ठेवली होती. त्यामुळे चढावर ती झडप जराशी उचलली जायची आणि शिट्टी वाजायची, थेट कुकरची. गल्लीतली पोरं गाडीमागे ओरडत पळायची, "भात झाला! भात झाला!" दाजींना त्याचं काहीच नसे. मला होतं. मी तेव्हा अंबडला एका कारखान्यात कारकून, नवी पँट, नवे बूट, आणि लग्नाला उभा.

देवळ्याचं स्थळ आलं. कांद्याचे मोठे व्यापारी, घर भरलेलं. बसने जाऊ म्हटलं तर दाजी दुखावले. "मेहुण्यासाठी मुलगी बघायला बसने? गाडी कशाला आहे मग?" मला रात्रभर एकच चित्र दिसत होतं. देवळ्यात आमची गाडी शिरते आहे, शिट्टी वाजते आहे, आणि मुलगी माडीवरून बघते आहे. सकाळी दाजी शर्ट बदलायला आत गेले, अक्का केसांत गजरा माळत होती. मी बॉनेट उघडलं आणि झडपेवरून तार आवळून दोन पिळे दिले. मनात म्हटलं, येताना सोडवू.

देवळ्याच्या अलीकडच्या घाटात नियमाप्रमाणे आम्ही गप्प होतो. शिट्टी वाजली नाही. दाजींनी मान जराशी तिरकी केली. "आज शिट्टी नाही," ते हळूच म्हणाले. मागून मी म्हणालो, "हवा थंड आहे, दाजी." एवढं बोलतोय तोच इंजिनाला ठसका लागला आणि तोफ उडावी तसा आवाज झाला. बॉनेट वर उचललं गेलं, पण दाजींनी ते कातडी पट्ट्याने बांधलेलं असल्यामुळे काचेवर आलं नाही. इंजिन बंद पडलं, गाडी उतारावर मागे सरणार तोच त्यांच्या ब्रेकने ती जागच्या जागी धरली. अक्काला हाताला धरून त्यांनी उतरवलं, डिकीतली वाळूची बादली काढली आणि धूर येत होता तिथे ओतली. त्या माणसाने आम्हाला वाचवण्यासाठी जे जे करून ठेवलं होतं, त्यातली मी बंद केलेली एक गोष्ट सोडून बाकी सगळ्यांनी काम केलं.

दाजी अक्काला रस्त्याकडेच्या दगडावर बसवत होते तेवढ्यात मी झडपेवरची तार सोडवली आणि दरीत फेकली. भात्याचं कवच उभं चिरलं होतं.

मागून कांद्याचा ट्रक आला. ड्रायव्हरने खाली बघून विचारलं, "काय व्हयनं भाऊ? गाडी फुटनी का?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, "चाला, बठा कांदास्ना गोण्यास्वर." असा मी देवळ्यात शिरलो, गोण्यांवर बसून, नव्या पँटला कांद्याची टरफलं चिकटलेली. सासरेबुवा तेव्हापासून जो भेटेल त्याला कौतुकाने सांगत, "आमना जावई कांदास्वर बशीसन उना." मुलगी माडीवर नव्हतीच, ती गोठ्यात होती. शिट्टी वाजली असती तरी तिला ऐकू गेली नसती. लग्न झालं, संसारही चांगला झाला.

दाजींनी शब्द पाळला. भाता उतरवला, पॅकिंग पूर्वीचं घातलं, लाटणं घासून पुसून अक्काला परत दिलं. पुढे गाडीचं तेल बदलायचं झालं तरी मेकॅनिककडे न्यायचे आणि बाकावर बसून राहायचे. हेडमास्तरांनी फाटकातून विचारलं, "काय हो, विमान?" तेव्हा ते म्हणाले, "उतरलं, सर. माझंच माप चुकलं." पण कुठे चुकलं, हे त्यांना सुटेना. ऐन पंगतीत, वाढदिवसाला, एकदा तर माझ्या मुलाच्या बारशात, मला बाजूला घेऊन विचारायचे, "तुला काय वाटतं रे? स्प्रिंग जड झाली असेल का?"

"झाली असेल, दाजी."

"पण आदल्या दिवशी शिट्टी वाजत होती."

"गंज बसला असेल."

"एका रात्रीत?" असं म्हणून ते माझ्याकडे बघायचे. त्यात संशय कधीच नसायचा. त्यांना फक्त आणखी एक डोकं हवं असायचं. पुढे कुणी हौशी मुलगा सल्ला मागायला आला तर ते त्याला परत पाठवू लागले. "मी सगळी काळजी घेतली होती, बाळ, तरी फुटलं. तू नको करूस." त्यांचं सगळं बरोबर होतं. पॅकिंग, पुली, ठिणगी, आणि स्प्रिंगसुद्धा. हे सांगायला मला त्यांच्या हयातीत अनेक वर्षं मिळाली. पहिल्या वर्षी भीती वाटली, पुढे लाज वाटली, आणि मग फार उशीर झाला असं वाटून गप्प बसायची सवय झाली. दाजी गेले तेव्हाही मी खांदा दिला आणि गप्प राहिलो.

गेल्या महिन्यात अक्काला सांगितलं. तिचं वय आता फार झालं आहे, कानाशी जाऊन बोलावं लागतं. तारेचं, दरीचं, सगळं सांगितलं. वाटलं, थोबाडीत मारेल. मारायला हवी होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"त्यानंतर ते रविवारी दुपारचे झोपायला लागले बघ," ती म्हणाली. "मला वाटलं, चला, माणूस घरात आला. मी खुशीने त्यांच्या अंगावर चादर घालायचे रे."

मग तिने तोंड भिंतीकडे केलं, आणि मी तिच्या पायाशी बसून राहिलो.