घाल की हात मशीनमध्ये

रस्त्यावरचं धुकं अजून विरलं नव्हतं, पण गाद्यांच्या कारखान्यात कापूस कधीच उडायला लागला होता. अक्का दाभणात दोरा ओवून खोळीचं तोंड शिवत होती. धाकटा भाऊ मशीनवर कापूस पिंजत होता आणि मधूनमधून खोकत होता. तो खोकला तिच्या ओळखीचा होता. बाप असाच खोकत खोकत गेला, याच मशीनपाशी.

छातीचे फोटो काढणारी गाडी बाहेर उभी होती. दुपारी निघून जाणार होती. भाऊ तिकडे ढुंकूनही बघेना.

शेवटी गाडीबरोबरची पोरगीच कागद घेऊन आत आली. भावाला मशीन थांबवायला लावून तिनं विचारलं, "दादा, आजार नशिबात असला तर काहीही केलं तरी होणारच. हे पटतं? पूर्ण, थोडं, की अजिबात नाही?"

"पूर्ण."

"तपासून काही फरक पडत नाही?"

"पूर्ण! सगळीकडे पूर्णच लिही. आमच्या घरात छातीच तशी, बाई. बापाची गेली, माझी जाईल."

अक्का दाभण खोळीत तसंच खुपसून उठली. तिनं मशीनचं बटण दाबलं. रूळ घरघरायला लागले.

"रुळात कापूस अडकलाय. काढ हातानं."

"चालू मशीनमधून? डोकं फिरलंय का तुझं? बंद कर आधी!"

"का रे? बोटं जायची असली तर बंद मशीनमध्येही जातील. घाल की हात!"

"अक्के, पोरीसमोर तमाशा नको."

"रोज बटण बंद करतोस, वर प्लग उपसतोस. बोटांसाठी एवढं, आणि छातीसाठी नशीब? बापाला उचललं मी. तुला उचलणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

भावानं प्लग उपसला. अडकलेला कापूस काढला, अंगावरचा झटकला.

"आणि तू गं? तुझी छाती काय दुसऱ्या बापाची आहे?"

हा हिशेब अक्कानं कधी केलाच नव्हता. पण तिनं पदर खोचला. "चल तर. आधी मी."

"दादा, उत्तर बदलू का?" पोरीनं मागून विचारलं.

"काही बदलायचं नाही! नशिबावर विश्वास पूर्ण आहे माझा. पण हिच्याशी कोण डोकं लावणार?"

दोघं परतली ती कुरकुरतच. "गार पत्र्याला छाती टेकवायला लावली लेकांनी," भाऊ म्हणाला. "आणि कळणार पुढच्या आठवड्यात."

अक्कानं खोळीचं उरलेलं कापड टर्रकन फाडलं. अर्धं त्याच्याकडे फेकलं, अर्धं स्वतःच्या नाकातोंडावर बांधलं.

"बांध."

त्यानं बांधलं. मशीन सुरू झालं. दाभणातला दोरा आखूड पडला होता. तिनं नवा ओवला.