पाकळी पडल्यावर सुचलेला प्रश्न

एकतीस सालच्या अक्षय्य तृतीयेला, सकाळी, रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात, ग्रामदेवीच्या देवळात माझ्या मावसबहिणीवर अन्याय झाला. सगळ्या गावादेखत झाला, आणि करणाऱ्यांनी दुपारी घरी जाऊन आमरस ओरपला.

ती मराठी सातवी पास. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती. मास्तरीण होऊन परत आली असती. तिचे वडील, म्हणजे मावशीचे यजमान, माझे काका, तयारही होते. पण गावचे मानकरी हटून बसले: पोरीला परगावी धाडायचे तर आधी देवीचा कौल लावा. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणे घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

त्या दिवशी गुरवाने लांबलचक गाऱ्हाणे घातले. लेकराची राखण कर, घराण्याची लाज राख, काय तो उजवा-डावा दे. दर वाक्याला मंडळी 'व्हय महाराजा' म्हणत होती. मग सगळ्यांचे डोळे पाकळ्यांकडे. पाषाणावरून पाणी ओघळले आणि उजवी पाकळी पडली. बहिणीने डोळे मिटून हात जोडले.

थोरला मानकरी म्हणाला, "झालं. पोरीने घरातच राहावं, असं देवीचं म्हणणं."

घरी राहण्याचा प्रश्न घातला कधी, मी विचारले.

"गुरवानं मनात घातलान. देवीला ऐकू गेला. तुझे कान काय देवीपेक्षा मोठे?"

लोक हसले. आणि डावी पडली असती तर?

"तर जाऊ नको. सरळच आहे."

बहीण वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्ही काय विचारलं होतंत?"

काकांनी गुरवाकडे पाहिले. गुरव ताम्हण पुसत राहिला.

त्या वर्षी मी रत्नागिरीत एका शास्त्रीबुवांकडे शब्दाला अर्थ कुठून येतो ते शिकत होतो. ते रोज सांगत, खूण आपणहून बोलत नाही. तिने काय सांगायचे ते माणसांनी आधी ठरवलेले असते, म्हणून ती बोलते. मी त्यांना ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, दोन्हीकडून एकच निघत असेल तर त्या खुणेला अर्थच नाही. मग गावात येऊन एवढेच सांगा, मी म्हटले. ते पंच्याचे टोक चोळत बसले.

"अरे, गावदेवीच्या कामात शास्त्र आणू नये."

मी त्यांचा पाठ सोडला. अर्थ ठाऊक असून तोंड मिटणाऱ्याकडून आणखी काय शिकायचे?

जूनमध्ये कॉलेज तिच्यावाचून सुरू झाले. तिने पुन्हा अर्ज केला आहे, आणि मानकऱ्यांनी पुन्हा कौल मागितला आहे. होळीनंतर लागेल. वाचणाऱ्या, तू आमच्या पंचक्रोशीतला असशील तर देवळात ये. गुरवाचा हात पाकळीकडे जाण्याआधी पुढे हो. तिने जावे की नाही, हा प्रश्न त्याला मोठ्याने बोलायला लाव. उजवी पडली तर काय, डावी पडली तर काय, सर्वांसमोर वदवून घे. तोवर पाकळी लावू देऊ नकोस.