तोल कुठं येतो

हातात काहीही द्या, गुरुजी ते आधी बोटावर ठेवून बघायचे. पेन, चमचा, माझी कात्री, एकदा तर झेरॉक्सच्या शाईचा डबा. वस्तू हलायची, डुलायची, मग एका जागी शांत व्हायची. की गुरुजी खुशीत म्हणायचे, "बघा ताई, मधोमध वेगळं आन् तोल वेगळा."

"शाई सांडली तर फरशी तुम्हालाच पुसायला लावीन," मी म्हणायची.

नसरापूरच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मागच्या खोलीत गुरुजी आणि त्यांची बायको सहा वर्षं राहिले. तिला सगळे बाईच म्हणायचे, मीसुद्धा. दोघंही शिक्षक. गुरुजींची शाळा गुंजवण्याकडं, राजगडाच्या अल्याड. बाईंची शाळा गडाच्या पल्याड, भाटघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. नकाशात बघाल तर मधे फक्त गड. रस्त्यानं जायचं तर मात्र नसरापूरला या, भोरला जा, मग धरणाच्या कडेकडेनं वळसे घ्या. सत्तर किलोमीटर.

दर साली बदलीचा अर्ज मीच टाइप करायची. नवराबायकोला जवळ आणा, एवढंच मागणं. दर साली उत्तरही तेच. उभयतांच्या शाळांमधील सरळ रेषेतील अंतर अल्प असल्याने उभयता एकत्रच आहेत, सबब विनंती अमान्य.

एका साली माझं टाळकं सरकलं. मी अर्जात खाली ठोकून दिलं, "सरळ रेषेत कावळा जातो, बाई एसटीनं जातात." गुरुजींनी कागद वाचला, पोट धरून हसले आणि म्हणाले, "झ्याक लिवलंय. पण खोडा ताई. सायेब रागावतील." खोडलं. नसतं खोडलं तरी काय फरक पडणार होता म्हणा!

खोली बघायला आले तो दिवस मला लख्ख आठवतो. लोक नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतात. गुरुजींनी पिशवीतून लाकडी फूटपट्टी काढली. माझ्याच परातीतल्या कणकेचे दोन गोळे घेतले, एक मोठा, एक लहान, आणि पट्टीच्या दोन टोकांना चिकटवले.

"हे टोक माजी शाळा, ते टोक हिची. आता खोली कुठं घ्यायची? लोक म्हणतील मधोमध. पण ज्याला परवास जड, त्याचं वजन जास्त धरायचं. तोल त्याच्याकडं सरकतो."

"मग ह्यांना नऊ भाग वजन द्या आन् मला पाच," बाई म्हणाल्या. "ह्यांच्या पायात सळी हाय, ताई. अपघात झालाता. मी चांगली धडधाकट."

मोठा गोळा गुरुजींच्या टोकाला होता. पट्टी बोटावर सरकत सरकत त्यांच्या टोकापासून पावणेअकरा सेंटिमीटरवर थांबली. तिथं त्यांनी शाईनं खूण केली. ते नसरापूर. गुरुजींना पंचवीस किलोमीटर, बाईंना पंचेचाळीस.

आणि मग, मी न विचारता, चंद्राचं सुरू झालं. "सगळे म्हणत्यात चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. तसं न्हाई ताई. दोघंबी एका तोलाभोवती फिरत्यात. पृथ्वी एक्क्याऐंशी पट जड, म्हणून तो तोल तिच्या पोटातच येतो. मधोमध नव्हं, जमिनीखाली. तीबी हलती, पण कुणाला दिसत न्हाई."

"म्हंजे मी चंद्र झाले," बाई म्हणाल्या. "पंचेचाळीस किलोमीटर जाऊन उगवायचं आन् पंचेचाळीस येऊन मावळायचं."

असं माणूस भाडेकरू म्हणून मिळालं, मी खूश होते. पुढं काय वाढून ठेवलंय ते कुणाला ठाऊक!

चौथ्या सालापासून बाई संध्याकाळी एसटीतून उतरल्या की आधी माझ्या पायरीवर बसायच्या. श्वास मावायचा नाही. ओठ काळपट पडलेले. दहा मिनिटांनी पाणी प्यायच्या, पदरानं तोंड पुसायच्या, आणि गुरुजी आले की हसत उभ्या राहायच्या. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एक दिवस सांगितलं. भोरला तपासून घेतलं होतं. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी प्रवास बंद करायला सांगितला होता.

"अहो, मग डॉक्टरांचा दाखला अर्जाला लावा की! आजाऱ्याची बदली आधी होते."

"लावला की ह्यांना कळंल."

"कळू दे!"

"तुमी ह्यांना वळखत न्हाई, ताई. लगेच मला नऊ देतील आन् खोली उत्रोलीला नेतील, भोरच्या शेजारी. मग सळीचा पाय घिऊन ह्यांनी पंचेचाळीस किलोमीटर जायाचं. रोज पहाटं. मला बघवायचं न्हाई. यंदा बदली हुईलच. न्हाई झाली तर म्होरल्या साली दाखला लावू. माजी शपथ हाय तुमाला."

मी गप्प बसले. आयुष्यभर तोंडाळ म्हणून नाव कमावलं, आणि नको तिथं गप्प बसले.

गुरुजींना वास लागला नव्हता असं नाही. एकदा काउंटरवर कोपर टेकून हळूच विचारलं, "ताई, ही लई दमती का हो?"

"दिवसभर राबल्यावर दमणार नाही तर काय नाचणार?" मी खेकसले. त्यांना बरं वाटलं. हसत आत गेले.

त्या साली नकारच आला. पुढच्या साली अर्जाची वेळ आली तेव्हा बाई म्हणाल्या, दिवाळीनंतर दाखला लावू. दिवाळी झाली. मी आठवण केली. म्हणाल्या, सहामाहीचे पेपर तपासून होऊ द्या.

त्या आठवड्यात, दुपारी, बाईंच्या शाळेतून माझ्या दुकानात फोन आला. गुरुजींचा मोबाईल लागत नव्हता. बाई वर्गात कोसळल्या होत्या. मी वेड्यासारखी फोन लावत राहिले. विसाव्यांदा लागला.

"गुरुजी, बाईंना चक्कर आलीय. शाळेतच झोपवलंय. तुम्ही तिकडं निघा."

त्यांच्या जोडीचे सर मोटारसायकल घेऊन मीटिंगला गेले होते. एसटी एकदम संध्याकाळी. गुरुजी म्हणाले, "सरळ रेषेत जवळ हाय ना, ताई? गडावरनं जातो."

"अहो, पाय!" मी ओरडले. फोन बंद झाला होता.

पाऊण तासानं बाईंच्या शाळेतून पुन्हा फोन. जीप मिळाली, बाईंना भोरच्या दवाखान्यात नेतोय. मी पुन्हा गुरुजींना लावायला लागले. गडावर कुठली रेंज! किती वेळा लावला ते देवाला माहीत. मी पण भोरला निघाले. हायवेवरच्या चेलाडी फाट्यावर गाडीला हात करताना, जीपमध्ये, दवाखान्याच्या व्हरांड्यात, तोच नंबर दाबत होते. देवा, एकदा तरी लागू दे.

गुरुजी सळीच्या पायानं गड चढले आणि पल्याड उतरले. साडेचार तासांनी बाईंच्या शाळेत पोचले तेव्हा शाळेला कुलूप होतं. गावातल्या एकानं त्यांना गाडीवर बसवून भोरला आणलं. बाई तोवर गेल्या होत्या. गुरुजींच्या चपलेत रक्त होतं. ते बाईंच्या उशाशी उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, मी तिकडं गेलो की." एवढंच, तीनचार वेळा.

डॉक्टरांनी झडपेचं त्यांना तिथंच सांगितलं.

तेराव्यानंतर गुरुजी दुकानात आले. पायरीवर बसले, बरोबर बाई बसायच्या तिथं.

"ताई, तुमाला ठावं व्हतं?"

खोटं बोलायची ताकदच नव्हती. "व्हय."

मला वाटलं, शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. ते नुसते तळहाताकडं बघत राहिले.

"सा वर्सं गणित बरूबर करत व्हतो. वजनच चुकीचं दिलं हिनं."

मी मोठ्यानं रडले. गिऱ्हाइकं उभी होती, उभी राहू देत.

रडणं थांबल्यावर ते म्हणाले, "एक अर्ज टाइप करा." मी बसले. त्यांनी सांगितलं, मी बोटं चालवली. अमुक शाळेतील शिक्षिकेचे पद रिक्त झाले आहे, सदर पदावर माझी बदली व्हावी, ही विनंती. सहा वर्षं ज्या कचेरीनं एक ओळ बदलली नाही, तिचा हुकूम आठ दिवसांत आला. त्या शाळेवर जायला दुसरं कोणी तयारच नव्हतं.

आता ते तिथंच राहतात, शाळेशेजारी, एका खोलीत. नसरापूरला येत नाहीत. मी एकदा फोन केला. "बरं हाय," म्हणाले, "परवास न्हाई आता."

खोली सोडून जाताना फूटपट्टी माझ्या काउंटरवर ठेवून गेले. विसरले म्हणून मी मागं धावले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं." रात्री दुकान बंद करताना मी ती नीट पाहिली. पावणेअकरावर शाईची जुनी खूण. आणि एकोणिसाच्या थोडं पुढं पेन्सिलीची नवी खूण, शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं, उत्रोली. बाईंना नऊ, स्वतःला पाच. सगळं झाल्यावर बसून त्यांनी गणित पुन्हा केलं होतं.

मी कधीतरी ती पट्टी बोटावर ठेवून बघते. गोळे नाहीत, काही नाही. ती डुलते आणि पंधरावर थांबते, मधोमध. तिथं त्या दोघांपैकी कोणीच कधी राहिलं नाही.