एकाच पातेल्यातल्या वाट्या

आई गेल्यावर वरच्या आळीतल्या दोघी-तिघी भेटायला आल्या. तिच्या हाताला चव होती, असं म्हणाल्या. त्यांच्यापैकी कुणीही तिच्या हातचं कधी खाल्लं नव्हतं.

पुसेगावजवळच्या आमच्या गावात शाळेत खिचडी शिजू लागली तेव्हा दोघी स्वयंपाकाला होत्या. एक आठवडा आई, एक आठवडा वरच्या आळीतली काकू. आम्ही बौद्ध. आईच्या आठवड्यात निम्मी पोरं घरून डबा आणायची. शाळा समितीचे अध्यक्ष मला म्हणाले, "जातीचं काई न्हाई बाई. चवीतच फरक हाय." आईचं काम जाणार, हे दिसत होतं.

मी हिंगोलीत अन्नशास्त्र शिकवत होते. म्हटलं, चवीचंच असेल तर चाखून ठरवू. कुणाची खिचडी ते न सांगता दोन-दोन वाट्या द्यायच्या. फरक लागतो की नाही, एवढंच विचारायचं. पण फरक असो-नसो, काही माणसं 'आहे'च म्हणतात. ही सवय ओळखायला काही जोड्या एकाच पातेल्यातून भरतात. तिथेही उत्तर 'आहे' आलं, तर ते जिभेचं नसतं. समिती शाळेत चाखायला बसली तेव्हा त्या जोड्या मी आधी ठेवल्या, सगळ्या काकूच्या पातेल्यातल्या.

अध्यक्षांनी वाटी नाकाशी नेली, चार शितं तोंडात टाकली. "ही दुसरी येगळीच हाय."

"मीठ बराबर न्हाई हिच्यात," शेजारचा सदस्य म्हणाला.

प्रत्येक जोडीला तेच. आईच्या खिचडीच्या वाट्या अजून झाकलेल्याच होत्या, पण मला धीर धरवला नाही. आतापर्यंत चाखलं ते सगळं काकूच्या एकाच पातेल्यातलं होतं, असं मी सांगून टाकलं. वाटलं, ओशाळतील.

अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे तिच्या हातचं आमच्या पोटात गेलंच न्हाई?"

"नाही."

"मग बरं झालं." ते उठले. बाकीचेही उठले. शेजारचा हसत म्हणाला, "पोरगी शिकलेली हाय, पण मनानं चांगली."

पुढच्या आठवड्यात आईला येऊ नको म्हणून निरोप आला. कारण चवीचंच दिलं होतं. ती त्यांच्यावर रागावली नाही. चुलीपुढे बसली आणि मला म्हणाली, "तू सांगितलंस काहून? एक घास तरी जाऊ द्यायचा व्हता."