विहिरीजवळचं घर

आमच्या व्याह्यांइतका रिकामा माणूस परदेशातल्या या अख्ख्या गिरावीन उपनगरात सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका कामात बुडालेलाही. नातवाच्या बारशाला ते नाशिकहून एकटेच आले. बायकोचे गुडघे धरलेले, म्हणून ती मागे राहिली. मग कोरोना आला, विमानं बंद झाली आणि हे माझ्या मुलाच्या घरी अडकले. मीही तिथेच राहते, तेव्हा खरं तर अडकले मी.

दुसरा कोणी टीव्ही बघत बसला असता. यांना लॅपटॉपवर इटलीतलं एक गाव सापडलं. अख्खं गाव विकायला काढलेलं! दगडी घरं, चर्च, गोठा, विहीर, आणि माणूस औषधालाही नाही. व्याही निवृत्त तलाठी. ओसाड गाव बघून त्यांच्या अंगात वारं शिरलं. ऐपत म्हणाल तर मेथीची जुडी महाग म्हणून दुकानात परत ठेवणारा हा माणूस, पण नातलगांना घरं वाटायला लागला. काही विचारलं की, शेजारच्या गोऱ्याकडून उचललेलं "नो वरीज" तोंडावर फेकायचे. गाव विकणाऱ्या इटालियन पोरीला तर त्यांनी व्हिडिओवर सांगितलं, आधी ग्रामदैवतापुढे नारळ ठेव, मग बोलू. सून लाजून आत पळाली. ती पोर बिचारी नारळ कुठून आणणार? तिने चर्चमधल्या मूर्तीपुढे एक लिंबू ठेवलं. व्याह्यांनी इथून हात जोडले.

मला दिलं गोठ्याशेजारचं घर.

"व्याही, मी मुलाची आई. मानपान विसरलात?"

"विहीणबाई, हवेशीर आहे हो ते."

"शेणाची हवा तुम्हीच खा."

"पण गुरं आहेत कुठे तिथे?"

"मग तुमची घरं तरी कुठे आहेत?"

शेवटी मानाचं म्हणून विहिरीजवळचं घर मी मिळवलंच. ते त्यांनी बायकोसाठी ठेवलं होतं, तिला पाणी लांबून आणायला नको म्हणून. ती मात्र फोनवर रोज एकच सांगायची, "मला गाव नको. तुम्ही घरी या."

मग तिलाच कोरोना झाला. दवाखान्यात नेलं, आणि इकडून जायला विमान नाही. व्याह्यांनी लॅपटॉप मिटला. ताटाकडे नुसते बघत बसायचे.

"व्याही, भात गार होतोय."

"नो वरीज," ते म्हणायचे, आणि घास काही उचलायचे नाहीत.

दवाखान्यातून घरी आल्यावर तिने स्वतःच फोन केला. आवाज पार बसलेला. म्हणाली, "अहो, ते विहिरीजवळचं घर कुणाला दिलंत?"

व्याही माझ्याकडे बघायला लागले. मी फोन हिसकावून घेतला. "तुमचंच आहे ते. मी गोठ्याशेजारी राहीन." यात त्याग वगैरे काही नाही. नसलेलं घर सोडायला काय लागतं?

विमानं सुरू झाली तसे ते गेले. गावही विकलं गेलं, कोणी घेतलं कोण जाणे. आता दुपारी घर शांत असतं. मला हवं होतं तेच झालं, पण त्या शांततेचं करायचं काय ते कळत नाही. मधूनच व्याह्यांचा फोन येतो. "विहीणबाई, तुमच्या गोठ्याशेजारच्या घराचं छप्पर पावसाच्या आत शाकारायला हवं हं."

"मग शाकारा की," मी म्हणते. "मुलाची आई आहे मी."