निर्गुंडीतील अपूर्व स्निग्धांश

साठच्या दशकाच्या आरंभी मी मुंबईत एम.एस्सी.साठी निर्गुंडीच्या अर्काचे विश्लेषण करीत होते. पाला मालवणचा, आईने तो परसात खुडून, सावलीत वाळवून पावसाळ्याआधीच्या बोटीने धाडलेला. वडिलांची अट होती : दिवाळीपर्यंत प्रबंध पुरा झाला नाही, तर तळेऱ्याच्या स्थळाला होकार कळवायचा.

कवितांवर पोसलेली मुलगी प्रयोगशाळेत शिरली की काय होते, त्याचा मी उत्तम नमुना होते. पेट्रोलियम ईथरने पाल्यातली स्निग्धद्रव्ये काढली, ईथर उडून गेला आणि बशीत इतका दाट, सोनसळी ऐवज उरला की मी मोहरून गेले. ग्रंथांत सांगितल्याहून तो कितीतरी अधिक होता. कागदावर थेंब टाकला, तर डागातून चांदणे झिरपावे तसा उजेड आला. त्याला आमच्या माजघराचा वास होता. तो मी माझ्या हळव्या मनाचा खेळ मानला आणि निर्गुंडीच्या अपूर्व स्निग्धांशावर एक अलंकृत प्रकरण लिहून टाकले.

गणपतीत घरी गेल्यावर आईला ही थोरवी ऐकवली. ती नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "पालो अगदीच कोरडो दिसत होतो गो. तुझ्या परीक्षेक जाताहा, म्हणान जरा खोबरेलाचो हात फिरवलंय."

मुंबईत परतून मार्गदर्शकांना हे सांगितले, तेव्हा ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग त्यांनी धीर दिला. पाल्यातली फ्लेव्होनॉइड नावाची रंगद्रव्ये शोधण्यापूर्वी तेलकट भाग धुऊन टाकायचाच असतो. त्यामुळे त्यांच्या चाचणीत मॅग्नेशियम आणि आम्ल घातल्यावर उमटलेला माझा गुलाबी रंग अस्सल होता. स्निग्धद्रव्यांचे काम मात्र नव्या पाल्यावर पहिल्यापासून करावे लागणार होते. दिवाळी हातची गेली.

नवा पाला आणायला पुन्हा घरी गेले, तेव्हा वडिलांनी पडवीत सारे शांतपणे ऐकून घेतले. "खोबरेल वळखूक अजून किती म्हयने व्हये तुका?"

मी खाली मान घालून सहा म्हटले.

त्यांनी तळेऱ्याला खरे तेच कळवले : मुलीचे शिक्षण अपुरे आहे, तिला अजून घरचे तेल ओळखता येत नाही. अशी सून कोणाला हवी असणार? त्या मंडळींनी लगबगीने दुसरी मुलगी पाहिली. मी नवा पाला घेऊन बोटीत बसले. तो मी स्वतः खुडला होता, आणि वाळवून बांधेपर्यंत आईला त्याच्या जवळपासही फिरकू दिले नव्हते.