ज्यांना विचारायचं राहिलं

म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीची पाहणी करायला मी काही दिवस सणसरला जात होते. बहुतेक घरी अगत्यानं बसवून घ्यायचे. पारावरचे आजोबा तर माझी वाट बघायचे. गुडघे सोडले तर काही दुखत नाही, असं हसत सांगायचे. फक्त कालव्याकडेच्या घरातले तात्या दार जेमतेम उघडायचे, काही सांगायचं नाही म्हणायचे आणि लावून घ्यायचे. असं झालं की ते घर सोडून शेजारचं घ्यायचं, असा आमचा नियम. शेजारचे आजोबा अजून उसाला पाणी धरत होते. मी त्यांना विचारून घेतलं.

बाहेर पडले तर तात्यांनीच हाक मारली. "बाई, जरा हात लावता का?"

आत त्यांची बायको खाटेवरून खाली पडली होती. अर्धांगवायूनं एक बाजू लुळी पडलेली, वाचाही गेलेली. मुलगा लांब नोकरीला. आम्ही दोघांनी तिला उचलून वर निजवलं. तिचं लुगडं सारखं करत, माझ्याकडे न बघता तात्या म्हणाले, "घरात वास येतो. म्हणून कुणाला आत घेत न्हाय. आन् तुमी तब्येतीचं इचारणार. हिच्यादेखत काय सांगू?"

मी पाहणीचे कागद पिशवीत ठेवून दिले.

बारामतीच्या ऑफिसात मी हे सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण बदली घर घेतलंय, आता काही करता येणार नाही, म्हणाले. पुढे अहवालात आलं की या भागातली बहुतेक म्हातारी माणसं हिंडती-फिरती आहेत. खोटं कुणीच बोललं नव्हतं. ज्यांना बोलता आलं, ते बोलले होते. याच पाहणीत आधी फिरले होते ती माळेगावकडची, इंदापूरकडची न उघडलेली घरं मला आठवत राहिली. तिथं आत कोण निजलं असेल, ते आता कळायचं नव्हतं.

दिवाळीनंतर मी सवड काढून सणसरला गेले. तात्यांची बायको गेल्याचं वाटेतच कळलं. ते ओट्यावर एकटेच बसले होते. त्यांनी सतरंजी पुढं सरकवली.

"इचारा आता काय ते. येळच येळ हाय."

पाहणी संपली होती. तरी मी विचारलं, रात्री झोप लागते का.

त्यांनी दारातून आतल्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं. मग म्हणाले, "न्हाय लागत. ती कण्हायची, तवा लागायची."